छतावरची काठी

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद करावा लागला. मोहोळ, माढा, करमाळा या तालुक्यांत नदीकाठची गावं पाण्यानं वेढली गेली आणि एनडीआरएफबरोबर लष्करालाही बोलवावं लागलं. अवर्षणग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात माणसं घराच्या छतावर बसून मदतीची वाट पाहत होती. अशा वेळी वीज जाते आणि विजेमागोमाग मोबाइलही जातो. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास दम धरतात. जनरेटर असला तरी त्यात डिझेल ओतायला जाणारा माणूस पाण्यापलीकडे अडकलेला असतो. टॉवर उभा दिसतो, फोनमध्ये रेंज मात्र नसते.

दोन गाड्यांत बसवलेल्या वायरलेस सेटना मधे काहीच लागत नाही. एक बॅटरी या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोन्ही छतांवर एकेक काठी. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅमनी, याच जोरावर संदेशांची ने-आण केली होती. दुसरं उदाहरण दरवर्षी मोहोळपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर पाहायला मिळतं. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं एकवटतात. टॉवर शाबूत असतात, पण फोन लागत नाही, कारण एकाच वेळी सगळ्यांनाच बोलायचं असतं. बंदोबस्तावरच्या पोलिसांचा वायरलेस तेव्हाही चालू असतो. महाराष्ट्र पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग पुण्याहून चालतो आणि मोबाइल घरोघरी पोचून इतकी वर्षं झाली तरी तो मोडीत निघालेला नाही.

या प्रकरणात आपण सेट विकत घेण्याबद्दल फार बोलणार नाही. दुकानदार ते काम आपल्यापेक्षा चांगलं करतो. माळरानात, ओढ्यात, काळ्या रानातल्या चिखलात जाणाऱ्या फोर बाय फोर गाडीत तो सेट बसवायचा कसा, हा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पन्नास वॅटचा महागडा सेट वाईट बसवला, तर तो चांगल्या बसवलेल्या दहा वॅटच्या सेटपुढे हरतो.

आधी कायदा, कारण तो मोडणं फार सोपं आहे. १९३३च्या भारतीय बिनतारी तार कायद्यापासून परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं बाळगणं हाच गुन्हा ठरला. २०२३चा दूरसंचार कायदा आला, तरी परवानगीची अट गेलेली नाही. ज्याला हे छंद म्हणून करायचं आहे, त्यानं केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढावा. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. संकेतनाम व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीनं सुरू होतं. परवाना हातात आल्यावर, चालत्या गाडीतून बोलण्याची मुभा त्यात आहे का, हेही नीट वाचून घ्यावं. हॅमच्या लहरींवर धंद्याचं बोलता येत नाही. उसाच्या ट्रॉल्या कुठं अडकल्या हे विचारायला तो परवाना नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना वेगळा असतो.

बिनपरवाना वापरायचे दोन पट्टे आहेत. एक २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा नागरिक पट्टा, शक्तीची मर्यादा ५ वॅट. दुसरा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, छोट्या वॉकीटॉकींचा. ही मर्यादा हवेत जाणाऱ्या शक्तीवर असते, त्यामुळे मोठी अँटेना जोडून ती ओलांडली की सवलतही संपली. ऑनलाइन दुकानांतून भलत्याच लहरींवर चालणारे वॉकीटॉकी इतके विकले गेले, की २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. ‘परवाना लागत नाही’ असं विक्रेत्यानं लिहिलंय, हा पोलिसांपुढे बचाव होत नाही.

आता गाडीकडे.

जीप आणि वायरलेस यांची सोयरीक दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकी सैन्याच्या विलीज जीपमध्ये रेडिओ बसवू लागले, तेव्हा पहिली अडचण आली ती इंजिनाची. पेट्रोल इंजिनाचा प्रत्येक स्पार्क हा एक छोटा प्रक्षेपकच असतो. तो सगळ्या लहरींवर एकदम खरखर सोडतो. म्हणून जीपच्या स्पार्क प्लगांचा, डायनॅमोचा, बॉडीच्या सांध्यांचा बंदोबस्त करावा लागे. ज्या जीपचा असा बंदोबस्त झाला असेल, तिच्या बोनेटवरच्या नंबरापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवत. रेडिओ कुठल्या गाडीत बसवायचा, हे सैनिकाला त्या एका अक्षरावरून कळे. तीच विलीज पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडायला घेतली, आणि आज पोलीस ठाण्यापुढे उभी असलेली बोलेरो त्याच घराण्यातली.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्यांची एक गोष्ट साध्या मोटारीपेक्षा वेगळी आहे. खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर रबरी गाद्यांवर ठेवलेली बॉडी. खड्ड्यात ही रबरं धक्का खातात, पण विजेच्या दृष्टीनं ती बॉडीला चासीपासून तोडतात. दोघांमधला संबंध राहतो तो एक-दोन अर्थिंगच्या पट्ट्यांपुरता. पाच-सहा पावसाळे खाल्लेल्या गाडीत त्या पट्टीच्या बोल्टखाली गंज धरतो. लाइट लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. वायरलेसला मात्र ते लगेच बाधतं. त्यामुळे सेटचा खोका उघडण्याआधी बोनेट उघडा. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनाला जिथं जोडलंय, तिथले बोल्ट सोडा, थिंबल पॉलिश पेपरनं घासा, खालचा रंग आणि गंज काढून पत्रा चकाकेपर्यंत साफ करा, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळा आणि वर थोडं ग्रीस फासा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मोहोळच्या स्टँडजवळच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर तो करून देईल; फक्त ‘घासायचं कशाला, चालू आहे की’ असं म्हणाला तर ऐकू नका.

मग वीज. पन्नास वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. नुसतं ऐकत असताना अर्धा अँपिअरही नाही. त्यामुळे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावला तर ऐकायला छान येतं आणि माणूस खूश होतो. माइकचं बटण दाबलं की सेट बंद पडतो किंवा समोरच्याला चिरका आवाज जातो. हे का होतं ते आकड्यात पाहू. बॅटरीपासून सेटपर्यंत चार मीटर वायर जाते आणि परतीची चार, अशी आठ मीटर. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर या आठ मीटरचा रोध साधारण ०.१४ ओहम. त्यातून १२ अँपिअर गेले की जवळजवळ १.७ व्होल्ट वाटेतच खर्च. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टची, सेटपाशी पोचतात १०.७. बहुतेक सेट १३.८ व्होल्टसाठी बांधलेले असतात आणि पंधरा टक्के इकडे-तिकडे सोसतात, म्हणजे ११.७च्या खाली त्यांचा भरवसा संपला. उजनीच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं तसंच हे: सोडलेलं पुरेसं असतं, वाटेत मुरतं. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. इलेक्ट्रिशियनला ‘चार स्क्वेअरची कॉपर द्या’ एवढं सांगितलं की पुरे. फक्त ती खरंच तांब्याची आहे का, हे टोक खरवडून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात भरपूर आहे आणि खरवडलं की आत पांढरी दिसते.

पॉझिटिव्ह थेट बॅटरीला जोडायचं, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. सेटजवळ नव्हे. कारण फ्यूज सेटला वाचवण्यापेक्षा गाडीला वाचवतो. इंजिनाच्या बाजूकडून केबिनमध्ये वायर शिरते ते पत्र्याचं भोक फार धारदार असतं. कच्च्या रस्त्यावरच्या थरथरीत वायर तिथं घासत राहते, आवरण कापलं जातं आणि पत्र्याला चिकटते. फ्यूज त्या भोकाच्या आधी असेल तर तो उडेल. नसेल तर बॅटरीची सगळी ताकद त्या वायरीत उतरेल आणि आग लागेल. म्हणून भोकात रबर बसवा, वायरीवर स्लीव्ह चढवा आणि दर फूटभर अंतरावर बांधा. निगेटिव्हच्या बाबतीत एक नवी भानगड आहे. अलीकडच्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर विजेची आवक-जावक मोजणारा छोटा सेन्सर असतो. सेटचं निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टोकाला जोडलं तर त्याचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची अर्थ जिथं बॉडीला लागते, त्या बोल्टवर जोडावं. कंपनीच्या वायरिंगला कुठंही कट मारू नये. वॉरंटी जाईल ती वेगळीच.

सेट ठेवायचा कुठं, यावर मात्र पैज लागावी इतके मतभेद आहेत. डॅशबोर्डवर ठेवला तर मोहोळच्या उन्हाळ्यात काचेमागं तापून निघतो, आणि काही जागी तर एअरबॅगच्या वाटेत येतो. एअरबॅग उघडली तर दीड किलोचा धातूचा डबा तोंडावर फेकला जातो, म्हणून तो विचारच सोडावा. गिअरच्या पुढं लावला तर पायाशी येतो, आणि लो रेंजचा लिव्हर टाकताना कोपर आपटतं. बरेच जण डाव्या सीटखाली ठेवतात: सावली असते, जागा असते, आणि ज्या सेटचं तोंड वेगळं निघतं त्याचं तोंड फक्त वर डॅशबोर्डाशी आणता येतं. शहरातल्या गाडीला हे उत्तमच. पण ओढ्यात उतरणाऱ्या गाडीत सीटखालची जागा ही पाणी शिरण्याची पहिली जागा. फरशीवरचं भोक उघडं राहिलं, दरवाजाचं रबर कुजलं, की घोटाभर पाणी आत येतंच. आणि वायरलेसची गरज नेमकी तेव्हाच लागते. माझा कौल सीटच्या मागं, चाकाच्या कमानीवरच्या उंच जागेला किंवा दोन सीटांमधल्या कप्प्याला, फरशीपासून किमान वीतभर वर. सेटच्या मागच्या पंख्यासारख्या धातूच्या पट्ट्यांभोवती दोन-तीन बोटं हवा खेळायला सोडावी. त्या पट्ट्या सेट थंड ठेवतात आणि त्यांच्यावर सीट कव्हर पडलं की सेट आपोआप शक्ती कमी करतो.

ब्रॅकेट कसायला पत्र्याचे स्क्रू वापरू नका. पहिल्या हंगामात ते ढिले होतात, दुसऱ्यात भोक मोठं होतं आणि तिसऱ्यात सेट हातात येतो. आरपार बोल्ट, मागं रुंद वॉशर आणि नायलॉक नट. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून पाहा: त्या पत्र्यामागं डिझेलची नळी किंवा ब्रेकची नळी तर जात नाही ना.

आता छतावरची काठी, ज्यावर निम्म्याहून जास्त यश ठरतं. अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवरून येते. १४५ मेगाहर्ट्झची, म्हणजे हॅमच्या दोन मीटर पट्ट्यातली लहर सुमारे २.०७ मीटरची, तिचा चौथा भाग जवळपास ५० सेंटिमीटर. २७ मेगाहर्ट्झचा चौथा भाग पावणेतीन मीटर होतो. आता हिशेब करा: दोन मीटर उंच गाडी, वर पावणेतीन मीटरची काठी, एकूण पावणेपाच. शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारा कुठं कुठं किती खाली लोंबतात हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. लांब काठी तारेला लागली तर काय होईल, हेही नको. माळावर फिरणाऱ्या गाडीला अर्ध्या मीटरची काठी बरी, हे माझं मत बऱ्याच अंशी या तारांमुळे झालेलं आहे.

अर्ध्या मीटरची काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. काठीच्या चारी बाजूंना किमान तिच्या लांबीएवढा धातू पसरलेला हवा, म्हणून छताचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. मागच्या कोपऱ्यात लावली तर लहर एका दिशेला जास्त आणि दुसरीकडे कमी जाते. बोनेटच्या कडेला लावली तर अर्धं आकाश गाडीच काचांनी आणि खांबांनी अडवते. छताला १९ मिलिमीटरचं भोक पाडायला बहुतेकांचा हात धजत नाही. पण नीट रबर घालून बसवलेला माउंट गळत नाही, आणि विकताना वर रबरी बूच लावता येतं. भोक नकोच असेल तर चुंबकाचा तळ आहे. डांबरी रस्त्यावर तो चालतो; बाभळीच्या फांद्यांतून जाताना मात्र निसटतो आणि केबलला लोंबकळत पत्र्यावर आपटत राहतो.

कापडी छताच्या गाडीत प्रश्न वेगळा आहे. तिथं पत्राच नाही. काही गाड्यांची कडक छतंही फायबरची असतात आणि रंगामुळे कळत नाही; एक चुंबक लावून पाहिलं की उत्तर मिळतं. अशा गाडीला बोनेटच्या बाजूचा पत्रा किंवा मागचा लोखंडी भाग शोधावा, किंवा खालच्या पत्र्याची गरज नसलेली, थोडी लांब अर्ध-लहरी अँटेना घ्यावी. शिवाय पत्र्याचं छत आत बसलेल्यांना लहरींपासून आडोसा देतं. कापडाचं देत नाही. डोक्यापासून हातभर अंतरावर पन्नास वॅट सोडू नयेत, दहावर भागवावं.

ब्रॅकेटवर अँटेना लावायची असेल तर ब्रॅकेटखालचा रंग खरवडून खरा धातू धातूला भिडवा. हे न केल्यानं फुकट गेलेल्या अँटेनांची संख्या मोठी आहे. केबल दारातून आणताना दार तिला चेपणार नाही अशी वाट शोधा, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या टोकाला गळेल, आत येणार नाही. उरलेली केबल वेटोळं करून सीटखाली कोंबण्यापेक्षा कापून नवं टोक बसवलेलं चांगलं. साध्या बारीक केबलमध्ये पाच मीटरला जवळपास वीस टक्के शक्ती जिरते.

जोडणी झाली की परावर्तित शक्ती मोजणारा मीटर लावा. हॅम लोक त्याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. आकडा १.५ आला म्हणजे चार टक्के शक्ती परत येतेय, उत्तम. २ला अकरा टक्के, चालेल. ३ला पंचवीस टक्के, तिथं बटण दाबणं थांबवा आणि अर्थ, केबल, काठीची लांबी पुन्हा तपासा. मीटर न लावता सेट सुरू करणारे बहाद्दर असतात. त्यांच्यामुळे दुरुस्तीची दुकानं चालतात.

मग इंजिन चालू करून ऐका. डिझेल गाडीला स्पार्क नसतो, त्यामुळे जीपवाल्या सैनिकांचा त्रास आपल्याला कमी. तरी ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जात असेल, तर तो अल्टरनेटर आहे. बहुतेक वेळा वीज थेट बॅटरीवरून घेतली आणि अर्थ घासली की ती जाते. टकटक असेल तर इंजेक्टर. आणि हल्ली सगळ्यांत मोठा गुन्हेगार म्हणजे छतावरचा एलईडी लाइटबार आणि स्वस्त मोबाइल चार्जर. एकेक बंद करून पाहा; खरखर कुठं थांबते ते दोन मिनिटांत कळतं. रात्री चिखलात अडकल्यावर लाइटबार लावला आणि वायरलेस बहिरा झाला, हे तेव्हा कळून उपयोग नाही.

पल्ल्याबद्दल खोट्या आशा ठेवू नयेत. दोन मीटर उंचीच्या दोन अँटेना सपाट, मोकळ्या जमिनीवर हिशेबानं साडेअकरा किलोमीटरपर्यंत एकमेकींना पाहू शकतात. मोहोळचा माळ सपाट आहे खरा, पण पावसानंतर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ओला ऊस उभा असतो, आणि ओला पाला लहरी पितो, ४००च्या पुढच्या मेगाहर्ट्झच्या तर जास्तच. निम्मा पल्ला धरून चाला. शंभर मीटर उंचीवर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारा सेट, असेल तर मात्र तोच हिशेब ४७ किलोमीटरवर जातो. म्हणूनच सगळी वायरलेस जाळी उंच टेकड्या आणि टॉवर शोधत असतात.

माइक डाव्या बाजूच्या माणसाच्या हाताला येईल असा टांगा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४नुसार, गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. तेवढ्यासाठी वाद घालण्यापेक्षा बोलण्याचं काम शेजाऱ्याला द्यावं; चिखलात स्टिअरिंगला दोन्ही हात लागतातच.

काम झाल्यावर पहिला कॉल शेजारी उभ्या गाडीला करू नका. शेजारून अँटेना तुटलेली असली तरी ऐकू येतं. एक गाडी मोहोळच्या चौकात ठेवा, दुसरी पाच किलोमीटरवर उसाच्या मधोमध न्या. इंजिन चालू, लाइटबार चालू, ब्लोअर चालू. आणि तिथून बोला. आवाज दोन्हीकडे स्वच्छ पोचला, तरच इलेक्ट्रिशियनचं बिल चुकतं करा.